चवथीपूर्वीचे दहा दिवस : बंद घर उघडताना दिसलेल्या वन्यजीवांचे एक प्रकरण

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातले आमचे वडिलोपार्जित घर वर्षातून दोनदा उघडते. एकदा मे महिन्यात आंबे-फणसांसाठी आणि दुसऱ्यांदा भाद्रपदात गणपतीसाठी. 2024 साली गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती आणि गौरीबरोबर जाणाऱ्या आमच्या गणपतीचे विसर्जन 12 सप्टेंबरला होते. त्या दिवसांसाठी मुंबई, पुणे, बेळगाव आणि कोल्हापूर येथून मिळून 31 माणसे आली. त्यांत दहा वर्षांखालची 7 मुले होती आणि 84 वर्षांची आमची आते होती. तयारीसाठी आई, दादा, वहिनी आणि मी 28 ऑगस्टला, म्हणजे दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी, गावी पोहोचलो. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत त्या घरात आणि घराभोवती धामण, फुरसे आणि त्याची पिल्ले, एक लाल विंचू, कवड्या साप आणि माळ्यावर तीन पिल्लांसह राहणारे उदमांजर आमच्या दृष्टीस पडले. कोणालाही दंश झाला नाही, आमच्या हातून एकही प्राणी मारला गेला नाही आणि सण ठरल्याप्रमाणे पार पडला. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण त्या दिवसांत घेतलेले काही निर्णय विचारपूर्वक घेतलेले होते, काही केवळ नशिबाने निभावले आणि एक मूळ चूक आमच्या फार उशिरा लक्षात आली. तयारीचे वेळापत्रक आम्ही चतुर्थीच्या तारखेपासून मागे दिवस मोजत आखले होते. जूनपासून रिकाम्या असलेल्या त्या घरात आणि आवारात दरम्यान कोण राहायला आले असेल, याचा विचार त्यात कुठेच नव्हता.

घर आणि आवार

घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे आहे, वर मंगलोरी कौले आहेत. पुढे खळे म्हणजे अंगण, मग पडवी, मग माजघर आणि देवघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, अशी त्याची जुनी रचना आहे. माजघरावर लाकडी फळ्यांचा माळा आहे आणि त्यावर जाण्यासाठी एक उभी शिडी आहे. गणपतीच्या मूर्तीवर टांगायच्या माटवीची लाकडी चौकट, मोठी तांब्या-पितळेची भांडी, जुने मखर आणि भात साठवण्याच्या बांबूच्या दोन रिकाम्या कणग्या या माळ्यावर असतात. घराच्या मागच्या बाजूला एक जुना फणस आहे आणि त्याची एक फांदी कौलांवर टेकलेली होती. आवाराचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, काही वर्षांपूर्वी पडला, तेव्हा उरलेले चिरे विहिरीच्या वाटेला लागून रचून ठेवले होते आणि तिथेच ते राहून गेले होते. पूर्वेला माड-पोफळीची बाग आणि पश्चिमेला कातळाचा सडा, म्हणजे उघडा खडकाळ माळ, आहे. शेजारच्या काकी रोज संध्याकाळी येऊन तुळशीपाशी दिवा लावतात, पण दार उघडून आत जाण्याचे त्यांना कारण पडत नाही.

28 तारखेला दार उघडले तेव्हा आत एक उग्र वास कोंडलेला होता. तो आम्ही ओलीचा आणि बुरशीचा समजलो. पडवीच्या कठड्यावर वाळलेली विष्ठा पडली होती आणि तिच्यात फळांच्या बिया जशाच्या तशा दिसत होत्या. वहिनींनी ती झाडून टाकली. न्हाणीघराच्या मोरीपाशी सापाची कात होती. ती दादाने काठीने उचलून बाहेर टाकली. मागच्या उतारावरचे एक कौल सरकलेले होते. ते माकडांनी सरकवले असावे असे आम्ही गृहीत धरले. या चारही खुणा पहिल्या अर्ध्या तासात आमच्यासमोर होत्या. त्या एकत्र ठेवून पाहिल्या असत्या तर पुढचे बरेचसे अगोदर समजले असते. आम्ही त्यांच्याकडे फक्त केराच्या दृष्टीने पाहिले, हे आज कबूल करणे भाग आहे.

त्याच दिवशी दुपारी विहिरीपाशी एक लांबलचक धामण दिसली आणि गवत कापायला आलेल्या गड्याने कोयता उगारला. काकी तिथेच होत्या, त्यांनी त्याला थांबवले. धामण बिनविषारी असते आणि शेता-बागेतले उंदीर हेच तिचे मुख्य खाणे असते. ती म्हशीचे दूध पिते, शेपटी नाकात घालते, या समजुती कोकणात अजून ऐकू येतात आणि त्यांपायी दरवर्षी कितीतरी धामणी विनाकारण मारल्या जातात. ही मात्र गडग्याच्या फटीत निघून गेली. दादा बराच वेळ अस्वस्थ होता. तेव्हा काकी त्याला म्हणाल्या, “आज दिसला म्हणान भियालास, काल काय ता हय नाय व्हता?” संपूर्ण प्रकरणात मला हेच वाक्य सर्वांत उपयोगी पडले.

चिऱ्यांचा ढीग

पहिल्या दिवशी आम्ही आवारातले सगळे गवत एका दमात कापून घेतले. ते तीन महिन्यांच्या पावसाने कमरेएवढे वाढले होते आणि माणसे यायच्या आत खळे व वाटा मोकळ्या दिसाव्यात हा त्यामागचा हेतू होता. माझा अंदाज असा आहे की याच कामाने दुसऱ्या दिवसाचा प्रसंग ओढवून घेतला. चहूबाजूंनी आडोसा एकदम नाहीसा झाला की त्यात राहणारे बेडूक, सरडे, उंदीर आणि त्यांच्या मागावरचे साप उरलेल्या आडोशाकडे सरकतात. आमच्या आवारात त्या संध्याकाळी उरलेला आडोसा दोनच प्रकारचा होता: चिऱ्यांचा ढीग आणि घराच्या भिंती.

29 तारखेला सकाळी दोन गडी ते चिरे उचलून गोठ्यामागे नेऊ लागले. त्यांच्या हातांत मोजे नव्हते, पायांत काही नव्हते. चौथा की पाचवा चिरा उचलताना खालून चर्रर असा आवाज आला. तापलेल्या तेलात काही पडल्यावर येतो तसा तो आवाज होता आणि त्या गड्याला तो ओळखीचा होता, म्हणून त्याने चिरा हातातून सोडला आणि मागे उडी मारली. फुरसे होते. फुरसे धोक्याची जाणीव झाली की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि त्याच्या खरखरीत खवल्यांचा तो आवाज होतो. लांबीला ते जेमतेम हातभर, रंगाने जांभ्याच्या मातीसारखे, डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी किंवा बाणासारखी खूण असलेले. लांबी कमी असल्यामुळे अनोळखी माणूस त्याला किरकोळ समजतो, पण नाग, मण्यार आणि घोणस यांच्या जोडीने भारतातल्या चार प्रमुख विषारी सापांत त्याची गणना होते. त्याचे विष रक्ताच्या गोठण्यावर परिणाम करते. कातळ, जांभा आणि विरळ झुडपे असलेली कोकणपट्टी हे त्याचे हक्काचे घर आहे. इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्याला सरकारातून बक्षीस मिळत असे आणि तरीही ती संपली नाहीत.

काम थांबवले. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन केला आणि तिथून मिळालेल्या निरोपावरून दीड तासाने तालुक्यातले एक सर्पमित्र आले. तोवर एका माणसाने दहा-बारा फुटांवर उभे राहून ढिगावर नजर ठेवावी आणि बाकीच्यांनी लांब राहावे, असे त्यांनी फोनवरच सांगितले होते. साप नजरेआड झाला तर तो कुठे असेल या भीतीत पुढचा सगळा दिवस जातो, हे त्यामागचे कारण. त्यांनी आकड्याने ते फुरसे बरणीत घेतले. आणखी दोन चिरे हलवल्यावर वीतभरही लांब नसलेली दोन पिल्ले दिसली. फुरसे अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते, आणि पिल्लांना जन्मापासून विष असते. तेव्हा सर्पमित्रांनी ढीग हलवण्याचे काम तिथेच थांबवायला सांगितले. पिल्ले दोनच असण्याची शक्यता कमी आहे, आता प्रत्येक चिरा उचलणे म्हणजे हात प्रत्येक फटीत घालणे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

अडचण अशी होती की ज्या वाटेने गौर आणायची ती वाट याच ढिगाला लागून जाते. आमच्याकडे तेरड्याची गौर पाणवठ्यावरून घरात येते. सुना आणि माहेरवाशिणी तिला वाजतगाजत आणतात, बहुतेक जणी अनवाणी असतात, आणि मुले मागेपुढे धावत असतात. ढीग जागेवर ठेवला तर गौरीची वाट धोक्याची, आणि हलवला तर काम करणाऱ्या गड्यांच्या हातांना धोका. दादाचे मत ढीग एका दिवसात यंत्राने उचलून टाकावा असे होते. मी त्याला विरोध केला. यंत्राने ढीग विखुरला असता, पण त्यातली पिल्ले घराकडे जातील की सड्याकडे, हे कोणाच्या हातात राहिले नसते. शेवटी ढिगाभोवती सहा फूट अंतर सोडून बांबू आणि दोरीचे कुंपण केले, वाट दुसऱ्या बाजूने माडांच्या रांगेतून वळवली, ती झाडून स्वच्छ केली आणि रात्री तिथे उजेड राहील अशी सोय केली. आईने एवढेच विचारले की गौर आजवर ज्या वाटेने आली ती बदलली तर चालेल का. मग स्वतःच म्हणाली की वाट पाणवठ्यापासून दारापर्यंतच आहे ना, मग चालेल.

सर्पमित्रांनी पकडलेले फुरसे आणि दोन पिल्ले त्याच दिवशी जवळच्या सड्यावर सोडली आणि वनविभागाकडे नोंद केली. साप पकडून दहा-वीस किलोमीटर लांब नेऊन सोडणे हे त्याच्या जिवासाठी आणि नव्या जागच्या माणसांसाठीही बरे नसते, कारण अनोळखी जागेत त्याला ना लपण्याच्या जागा माहीत असतात ना भक्ष्याच्या, आणि तो उघड्यावर भटकत राहतो. या मुद्द्यावर आमच्या घरात नाराजी होती. एवढ्या जवळ सोडल्याने पाहुण्यांना काय सांगायचे, असा वहिनींचा रास्त प्रश्न होता. आम्ही पाहुण्यांना जे घडले ते फोन करून खरेखरे सांगितले. बाकी सारे तरीही आले, एका कुटुंबाने तान्ह्या मुलामुळे न येण्याचा निर्णय घेतला, आणि त्यांचा तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

माळ्यावरची कणगी

30 तारखेला सकाळी माटवीची चौकट खाली काढण्यासाठी दादा शिडीने माळ्यावर गेला आणि दोन मिनिटांत मागे पावले टाकत खाली आला. उघड्या कणगीत, जुन्या गोणपाटाच्या चिंध्यांवर, उदमांजर तीन पिल्लांना कवटाळून बसले होते आणि त्याच्याकडे पाहून गुरगुरत होते. पिल्लांचे डोळे उघडलेले होते, पण ती अजून नीट चालत नव्हती, असे त्याने पाहिले. म्हणजे ती काही आठवड्यांची असावीत. कोंडलेला वास, कठड्यावरची बियांची विष्ठा, सरकलेले कौल आणि दोन रात्री माळ्यावर ऐकू आलेली धावपळ, या सगळ्याचा उलगडा एकदम झाला.

उदमांजराला आमच्याकडे कांडेचोरही म्हणतात. नावात मांजर असले तरी ते मांजराच्या कुळातले नव्हे. दिवसा ते ढोलीत, माडाच्या शेंड्यात किंवा घराच्या आढ्यात झोपते आणि अंधार पडल्यावर बाहेर पडते. फणस, आंबे, पेरू, जांभळे, उंबर यांवर ते जगते, शिवाय उंदीर, किडे आणि गोगलगायी खाते. बिया त्याच्या पोटातून अखंड बाहेर पडतात, त्यामुळे जंगलात झाडे रुजण्यास त्याचा हातभार लागतो. मादी एका वेळी दोन ते पाच पिल्ले देते आणि ती दोन महिन्यांपर्यंत तिच्या दुधावर असतात. जूनमध्ये बंद झालेले, कौल सरकलेले, वरपर्यंत फणसाची फांदी पोहोचलेले, आत सुकी कणगी आणि चिंध्या असलेले आमचे घर तिच्या बाळंतपणासाठी याहून अनुकूल असूच शकले नसते.

यानंतरची चर्चा दिवसभर चालली आणि ती सोपी नव्हती. माळ्याच्या फळ्यांना फटी आहेत आणि बरोबर खाली माजघर आहे, जिथे पाने मांडली जातात. शेजारी देवघर आहे. विष्ठेचे आणि मुताचे थेंब नैवेद्यात पडतील, हे वहिनींचे म्हणणे टाळण्यासारखे नव्हते. त्यातून रोगराईचाही प्रश्न होता. एका शेजाऱ्याने शेणी आणि मिरच्यांची धुरी द्या, तासाभरात निघून जाईल असे सुचवले. दुसऱ्याने फटाक्यांची माळ सुचवली. धुरीने मादी नक्की पळाली असती. तिने तीनही पिल्ले नेली असती का, हे कोणीच सांगू शकत नव्हते. पिल्ले माळ्यावर मेली असती तर ऐन चतुर्थीत घरभर दुर्गंधी पसरली असती, हे सांगितल्यावर धुरीचा विषय मागे पडला. दयेपेक्षा या कारणाने तो मागे पडला, हे नोंदवणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. कायद्याची बाजूही होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला संरक्षण आहे आणि त्याला पकडणे, मारणे किंवा त्याची पिल्ले काढून घेणे हा गुन्हा ठरतो.

31 तारखेला वनरक्षक येऊन पाहून गेले. पिल्लांना हात लावू नका, भोक बंद करू नका, आणि मादीला स्वतःहून जागा बदलावीशी वाटेल असे करा, असा त्यांचा सल्ला होता. त्यासाठी दिवसा माळ्याच्या तोंडाशी एक दिवा लावून ठेवायचा आणि खाली माणसांचे नेहमीचे बोलणे चालू ठेवायचे. मुद्दाम आरडाओरडा किंवा ठोकाठोक करायची नाही. उदमांजरी एकाहून अधिक जागा माहीत ठेवून असतात आणि त्रास जाणवला की पिल्लांना मानगुटीला धरून एकेक करून हलवतात. मात्र ती केव्हा हलवील, याची खात्री देता येणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

मग खरा प्रश्न चौकटीचा आला. आमची माटवीची चौकट पणजोबांच्या काळची, फणसाच्या लाकडाची आहे. मूर्तीच्या वर ती टांगून तिला आंब्याचे टाळ म्हणजे डहाळे, नारळ, सुपारीचे घोस, तवशी, चिबूड, कांगले आणि लालभडक कवंडळे बांधतात. ती कणगीच्या अगदी मागे, आढ्याला टेकवून ठेवलेली होती. ती ओढायची तर मादीच्या अंगावरून हात न्यावा लागला असता. दादा म्हणाला की ती रात्री बाहेर गेली की पाच मिनिटांत काढून घेतो. ते शक्यही होते. पण तिच्या पिल्लांच्या अंगावरून लाकूड ओढल्याचा वास आणि पडझड तिला परत आल्यावर कळली असती, आणि तिने मग काय केले असते हे आम्हाला माहीत नव्हते. संध्याकाळी आईने निर्णय दिला. “चौकट दुसरी बांधता येईल,” ती म्हणाली, “बाळंतिणीला भाद्रपदात घराबाहेर काढायची नाही.” त्यानंतर कोणी वाद घातला नाही. पोफळीच्या चिव्या आणि बांबू यांची नवी चौकट दोन दिवसांत तयार झाली. भांडी शेजारून आणली. माजघराच्या फळ्यांखाली ताडपत्री ताणून बांधली, पाने पडवीत मांडायचे ठरवले आणि नैवेद्याचा स्वयंपाक मागच्या स्वयंपाकघरातच ठेवला, कारण तो माळ्याखाली येत नाही.

3 सप्टेंबरच्या रात्री मी खळ्यात खुर्ची टाकून पाहत बसलो. साडेसातच्या सुमारास ती सरकलेल्या कौलातून बाहेर आली, थोडा वेळ कौलांवर थांबली आणि फणसाच्या फांदीवरून उतरून गेली. परतली तेव्हा मी झोपलो होतो. 4 तारखेच्या रात्री ती तोंडात एक पिल्लू घेऊन बाहेर पडताना दादाने पाहिले, तासाभराने दुसरे नेताना मी पाहिले. तिसऱ्यासाठी ती आली नाही. 5 तारखेला सकाळी काठीला फोन बांधून माळ्यावरचे चित्रण केले तेव्हा तिसरे पिल्लू कणगीत होते आणि हलत होते.

तो दिवस या प्रकरणातला सर्वांत कठीण दिवस होता. पहिले पाहुणे त्याच सकाळी आले होते आणि पिल्लू एकटे असल्याची बातमी मुलांपर्यंत पोहोचली. त्यांना दूध पाजायचे होते, खाली आणायचे होते. गाईचे दूध त्याला मानवत नाही, जबरदस्तीने पाजल्यास ते फुप्फुसात जाऊ शकते आणि माणसाच्या हाताळणीत गेलेले पिल्लू आईकडे परत जाणे अवघड होते, हे त्यांना समजावून सांगावे लागले. मी वनरक्षकांना फोन केला. एक रात्र थांबा, ते म्हणाले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मादी आली नाही तर आम्ही येतो. मोठी माणसे त्या दिवशी हळू बोलत होती. माळ्याखालचा दिवाही आम्ही बंद ठेवला. 6 तारखेला पहाटे कणगी रिकामी होती.

ती आमच्या दिव्यामुळे गेली, की पिल्ले हलवण्याची तिची वेळच आली होती, हे ठरवता येत नाही. यातून आमचा उपाय यशस्वी ठरला असा निष्कर्ष मी काढणार नाही. त्या दुपारी दादाने आईला विचारले की आता जुनी चौकट खाली काढू का. आई म्हणाली, नवीला टाळ बांधून झालेत, यंदा हीच.

एकतीस माणसांची रात्र

सर्पमित्रांनी जाताना आवर्जून सांगितलेली गोष्ट फुरशाबद्दल नव्हती, मण्यारीबद्दल होती. मण्यार रात्री हिंडते, घरात शिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा चाव्याची खूणही सापडत नाही. माणूस पहाटे पोटदुखी, जड पापण्या किंवा घशात अडकल्याची तक्रार करत उठतो आणि तोवर विषाने श्वासाच्या स्नायूंवर परिणाम करायला सुरुवात केलेली असते. गणपतीत प्रत्येक कोकणी घरात पडवीपासून माजघरापर्यंत जमिनीवर ओळीने अंथरुणे पडतात, त्यामुळे ही सूचना आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची होती. आम्ही शेजारून आणि नातेवाइकांकडून मच्छरदाण्या जमवल्या आणि प्रत्येक मच्छरदाणीची कड गादीखाली चारही बाजूंनी खोचायची, असा नियम केला. आते आणि लहान मुले खाटांवर झोपली. पडवीत कोणी झोपले नाही. दारांखालच्या फटी गोणपाटाने बुजवल्या. त्याच कामात एका गोणपाटात लाल विंचू सापडला. कोकणातला हा विंचू मुलांच्या हृदयावर परिणाम करू शकतो, आणि त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिला, म्हणून आज ग्रामीण डॉक्टरांना त्यावर उपचार करता येतो.

प्रतिसर्पविष कुठे मिळेल हे आम्ही 2 सप्टेंबरलाच चौकशी करून ठेवले. सर्वांत जवळचे उपचार केंद्र आणि औषध असलेले केंद्र ही एकच असतील असे धरून चालता येत नाही, म्हणून दोन्ही ठिकाणी फोन केले आणि कोणत्या वेळी डॉक्टर असतात ते विचारले. दंश झाल्यास अवयव न हलवता ठेवायचा, दोरी आवळायची नाही, जखम कापायची नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही, 108 ला फोन करायचा आणि वेळ लिहून ठेवायची, हे एका कागदावर लिहून दाराजवळ चिकटवले. भारतात मिळणारे प्रतिसर्पविष वरच्या चारही सापांच्या विषावर एकत्रच चालते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याच्या खटाटोपात वेळ घालवू नये, हेही त्यात लिहिले होते.

तांदूळ, पीठ आणि गूळ झाकणाच्या पत्र्याच्या पिंपांत ठेवले. उंदीर आले की त्यांच्यामागे साप येतात, ही साखळी तोडण्याचा तो सर्वांत सोपा उपाय आहे. खळ्यातली रोषणाई आरती आणि भजन संपल्यावर बंद करत होतो, कारण दिव्यांवर किडे, किड्यांवर बेडूक आणि बेडकांवर साप, असा क्रम आम्ही पहिल्याच रात्री डोळ्यांनी पाहिला. घरोघरी भजनाला जाणाऱ्या मुलांना अनवाणी जायची सवय होती, ती त्या वर्षी बळेच मोडली. माटवीसाठी रानात कांगले आणि कवंडळे आणायला दादा पुतण्यांना घेऊन गेला, तेव्हा सगळ्यांच्या पायांत गमबूट होते आणि हातांत काठ्या होत्या.

9 सप्टेंबरला रात्री अकराच्या सुमारास न्हाणीघराच्या भिंतीवर काळसर, पांढरे पट्टे असलेला साप दिसला आणि घरात गडबड उडाली. दार लावून घेतले, खाली गोणपाट कोंबले आणि सर्पमित्रांना बोलावले. तो कवड्या निघाला. मण्यार आणि कवड्या यांत गल्लत नेहमी होते. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरळ होत जातात, तर मण्यारीचे पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीने असतात, मानेपासून काही अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्या बिनविषारी असून भिंतीवर चढून पाली खातो. हा फरक मला पुस्तकातून माहीत होता, तरी त्या रात्री मी तो ओळखण्याचा प्रयत्न केला नाही, आणि तेच योग्य होते असे मला वाटते. अंधारात, 31 माणसांच्या घरात, पट्टे मोजण्यात अर्थ नव्हता.

वर्षभरानंतर

विसर्जनानंतर घर पुन्हा बंद करताना आम्ही सरकलेले कौल लगेच बसवले नाही. मादी परत आली असेल तर आत कोंडली जाईल, अशी शंका होती. दादा ऑक्टोबरमध्ये पुन्हा आला, माळ्यावर पीठ पसरून दोन रात्री पावलांचे ठसे उमटतात का ते पाहिले, आणि ठसे नाहीत याची खात्री झाल्यावर कौल बसवून आतून जाळी ठोकली. चिऱ्यांचा ढीग जानेवारीत, भर दिवसा, लांब पहारींनी आणि हातमोजे घालून हलवला; त्यात काही सापडले नाही. मे महिन्यात फणसाची कौलांवर टेकलेली फांदी छाटली.

2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला होती. आम्ही 9 ऑगस्टलाच आलो. गवत एका दिवसात न कापता घराकडून बाहेरच्या बाजूला, चार दिवसांत, टप्प्याटप्प्याने कापले, जेणेकरून आतल्या प्राण्यांना सड्याच्या दिशेने जायला वाव राहील. दार उघडल्यावर झाडू हातात घेण्याआधी मी आणि वहिनींनी घर फिरून खुणा लिहून घेतल्या: कात नाही, कौले जागेवर, माळा कोरडा. मांगराच्या, म्हणजे घराबाहेरच्या खोपटाच्या, चौथऱ्यावर मात्र बियांनी भरलेली ताजी विष्ठा होती. मांगर त्या वर्षी आम्ही उघडला नाही. माटवी बांबूच्याच चौकटीची बांधली. आईने जुनी चौकट माळ्यावरून खाली आणवली, पुसून घेतली आणि पुन्हा वर ठेवायला सांगितली.